कुंडईचे पॅकिंग युनिट: ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेल्या सहकाऱ्यांसाठी कामात नेमके काय बदलावे?

एचआर_कुंडई:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या पॅकिंग युनिटसाठी विचारतो आहे. कायम आणि कंत्राटी मिळून सव्वाशेच्या आसपास माणसे, दोन शिफ्ट. खाली ब्लिस्टर (गोळ्यांच्या पट्ट्या) आणि कार्टन लाइन, स्टोअर, छोटी प्रयोगशाळा. वर ऑफिस. काही सहकाऱ्यांनी ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण) किंवा डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडचण) असल्याचे स्वतःहून एचआरला सांगितले आहे.

[संपादक: कोण कुठल्या विभागात, हा तपशील प्रश्नातून काढला आहे.]

व्यवस्थापनाच्या मनात पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवाच्या धर्तीवर अर्ध्या दिवसाची जागृती कार्यशाळा आहे. जांभळ्या फिती, दारात एक फलक, ग्रुप फोटो. पर्पल फेस्टबद्दल तक्रार नाही, पण फलक लावून लाइनवरचे काम कुणाला सोपे जात नाही. जागेत काय बदलायचे, कागदांत काय, कायदा किती बांधून ठेवतो आणि सुपरवायझरने बोलायचे कसे, हे हवे आहे. जीएमपीत (औषधनिर्मितीच्या गुणवत्ता नियमांत) बसेल तेच सांगा. बांधकाम होणार नाही. ट्यूब, पार्टिशन, छपाई एवढ्यापुरते पैसे मिळतील.

ओटी_फोंडा:

संपादकांनी विभाग काढले ते बरे केले. कुंडई ते म्हार्दोळ कोण कुणाचा मावसभाऊ हे सगळ्यांना ठाऊक असते. 'प्रयोगशाळेतला एक मुलगा' एवढे म्हटले तरी नाव कळते.

जागेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक विभागात एकदा गर्दीच्या वेळी, एकदा निवांत वेळी फिरून या. आधी दिवे. जुन्या चोकवाल्या ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण ऑटिझम किंवा मायग्रेन असलेल्या काहींचे डोके दुपारपर्यंत चढते. एलईडी लावली की प्रश्न मिटला असे समजू नका, स्वस्त ड्रायव्हरची एलईडीही तशीच लुकलुकते. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याखालची पांढरी भिंत टिपा. काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब किंवा तिचा ड्रायव्हर बदला. ऑफिसात सरसकट प्रकाश कमी करण्यापेक्षा त्या एका टेबलावरची ट्यूब वेगळ्या स्विचवर घेणे स्वस्त पडते. इलेक्ट्रिशियनचे तासाभराचे काम.

आवाजाच्या बाबतीत मोजमापापेक्षा आवाज कधी येणार हे कळते की नाही, याला जास्त महत्त्व आहे. ब्लिस्टर मशीनचा एकसुरी आवाज पुष्कळांना सोसतो. अचानक वाजणारा बझर, लोखंडी ट्रॉली आपटणे, कॉम्प्रेसर मधेच सुरू होणे हे सोसत नाही. ट्रॉलीला रबरी चाके लावा, बझरचा आवाज कमी करून त्याला दिव्याची जोड द्या, आणि जनरेटरच्या चाचणीची वेळ ठरवून फळ्यावर लिहा. पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर न सांगता सुरू होणारच, त्याला इलाज नाही. निदान चाचणी तरी सांगून करा.

बसण्याची जागा: पाठ भिंतीकडे, दारापासून आणि पंचिंग मशीनपासून लांब, एसीचा झोत अंगावर येणार नाही अशी. हॉटडेस्किंग (रोज मिळेल त्या टेबलावर बसणे) असेल तर अशा व्यक्तीचे टेबल कायम ठेवा. वासही विसरू नका. रूम फ्रेशनर, फिनाइल आणि पॅन्ट्रीच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारे सुके बांगडे. बांगड्यांवर बंदी घाला असे गोव्यात कोण म्हणेल? मायक्रोवेव्ह मात्र कामाच्या जागेपासून दूर, एक्झॉस्टखाली हलवता येतो.

शांत जागेसाठी सहा बाय आठ फुटांची खोली पुरते. एक खुर्ची, मंद दिवा, दारावर 'आत कोणी आहे' अशी फिरवायची पाटी. आतून कडी नको. प्रथमोपचार खोली यासाठी देऊ नका, कारण तिथे गेले की 'काय झाले' हा प्रश्न येतोच. नियम एवढाच की १५ मिनिटांपर्यंत परवानगी मागायची नाही, लाइनवर असेल तर बदली माणूस उभा राहीपर्यंत थांबायचे. ही खोली सगळ्यांसाठी खुली ठेवा. ठरावीक माणसांचीच ठेवली तर तिकडे वळणारा प्रत्येक जण कोण आहे ते लोक मोजू लागतात.

क्यूए_वाला:

वरच्या प्रतिसादात सुचवलेले बहुतेक बदल ऑफिससाठी चोख आहेत. उत्पादनाच्या हॉलसाठी दोन अडचणी.

कानातले बोळे. साधे फोमचे बोळे उत्पादन क्षेत्रात चालणार नाहीत, पडले तर थेट मालात. दोरीचे, निळे, मेटल डिटेक्टरला सापडणारे घ्या आणि गाऊनिंगच्या (हॉलमध्ये जाताना संरक्षक कपडे घालण्याच्या) एसओपीत (ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीत) त्यांची नोंद करा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हॉलमध्ये नकोच. फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा भोंगा आणि आगीची घंटा दोन्ही दबतात. बोळ्यांनीही थोडे दबतेच, म्हणून फोर्कलिफ्टवर लुकलुकता दिवा आणि आगीच्या घंटेला दिव्याची जोड आधी, बोळे नंतर.

गाऊनिंग हाच काहींना दिवसातला सगळ्यात मोठा त्रास असतो. मानेला घासणारी शिवण, घट्ट इलॅस्टिकची टोपी, पावडरचे ग्लोव्ह्ज. एकाच मापाचे गाऊन मागवण्याऐवजी तीन मापे ठेवा, मानेमागचे लेबल शिंप्याकडून काढून घ्या, नायट्राइल ग्लोव्ह्जचा पर्याय द्या. मान्यताप्राप्त कापड बदलायचे नाही, मापे बदलायची. त्यामुळे मोठे व्हॅलिडेशन (पुन्हा तपासून सिद्ध करणे) अंगावर येत नाही.

आता कागद. एसओपीचा मजकूर असो वा मांडणी, चेंज कंट्रोलशिवाय (बदलाच्या नोंदवलेल्या मंजुरीशिवाय) बदलता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून डिस्लेक्सिया असलेल्याला सोपे जावे म्हणून कुणी घरी टाइप केलेला कागद लाइनवर चिकटवू नका. ऑडिटर आधी तोच कागद धरेल. त्या स्टेशनपुरते एक पानी कार्य-कार्ड क्यूएकडून (गुणवत्ता विभागाकडून) नियंत्रित प्रत म्हणून काढून घ्या, आवृत्ती क्रमांकासह. एका ओळीत एक कृती, क्रियापद आधी दिसेल असे, 'योग्य' आणि 'चूक' ब्लिस्टरचे फोटो शेजारी शेजारी. इंग्रजी मजकूर १२ ते १४ पॉइंट, देवनागरी किमान १६, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे सरळ, उजवीकडची कड मोकळी. चकचकीत लॅमिनेशन नको, मॅट घ्या.

देवनागरीसाठी फॉन्ट निवडताना घ आणि ध, भ आणि म, ब आणि व शेजारी छापून पाहा. कॅलेंडरसारख्या नक्षीदार फॉन्टमध्ये हे फरक बुडतात. आकड्यांत १ आणि ९, ३ आणि ६. इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ. बॅच क्रमांक सलग न लिहिता तीन-तीनच्या गटांत लिहिला तर अदलाबदल चटकन दिसते: २४१७०९३ पेक्षा २४१ ७०९ ३. कार्टनवरची छपाई मंजूर आर्टवर्कप्रमाणेच राहील, गट फक्त आतल्या चिठ्ठ्यांवर आणि पॅलेट लेबलवर. बारकोड स्कॅनर असेल तर सर्वांत उत्तम.

एक चूक जवळपास सगळीकडे होते. 'त्याला वाचायला त्रास होतो, मग शेजारचा वाचून दाखवेल आणि तो टिक करेल.' बॅच रेकॉर्डवर 'केले' आणि 'तपासले' या दोन सह्या असतात. वाचून दाखवणाराच तपासणारा असेल तर दुसरी तपासणी झालीच नाही, एकाच माणसाने दोनदा पाहिले. वाचून दाखवायला एक आणि तपासायला दुसरा, किंवा स्कॅनर. आणि डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला तपासणीच्या जागेवरून हटवायची घाई करू नका. रंग, आकार, उलटी बसलेली गोळी, अर्धवट सील टिपण्याचा आणि वाचण्याचा संबंध नाही.

कायद्याचे_बोला:

कायद्याचे थोडक्यात, कारण यात गोंधळ फार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे) त्यात आहेत, एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांपुरते. वाजवी सोयीची व्याख्या कलम २ मध्ये आहे: त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून करायचा बदल, जो आस्थापनेवर अवाजवी बोजा टाकत नाही. कलम २० मधली रोजगारातली सोयीची थेट सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनी तिथेच थांबते आणि म्हणते, 'आम्हाला लागू नाही.' पण कलम २१ प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. समान संधी धोरण करायचे, जाहीर करायचे आणि त्याची प्रत राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे नोंदवायची. २०१७ च्या नियमांतला नियम ८ सांगतो की २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयी-सुविधा, योग्य पदांची यादी, निवड आणि प्रशिक्षणाची पद्धत, संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हे सगळे असावे. तुमचे सव्वाशे लोक आहेत. कायद्याच्या उल्लंघनाला कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे ५०,००० ते ५ लाख.

धोरणाची तयार प्रत इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. तिच्यात रॅम्प, लिफ्ट, ब्रेल एवढेच असते.

प्रमाणपत्राबद्दल. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आणि ४० टक्क्यांची अट ही आरक्षण आणि सरकारी योजनांसाठी. ट्यूब बदलायला किंवा सूचना लिहून द्यायला कार्ड मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात स्पष्ट केले की वाजवी सोय व्यक्तीगणिक ठरवायची असते आणि तिच्यासाठी ४० टक्क्यांची अट सरसकट लावता येत नाही. तो खटला परीक्षेतल्या लेखनिकाबद्दल होता, पण तत्त्व तेच. कार्डची अट घातलीत तर एडीएचडीवाला सोयीच्या यादीतून आपोआप बाहेर पडतो.

निदानाचा कागद घेतलाच तर वेगळ्या बंद फायलीत, एचआरच्या एकाच माणसाकडे. सुपरवायझरला निदान कळायची गरज नाही, त्याला बदल कळला की पुरे. 'सूचना लेखी द्यायच्या, जागा बदलायची नाही', बस.

एचआर_कुंडई:

सगळ्यांचे आभार. सुपरवायझरांचे दोन आक्षेप आधीच आलेत. पहिला, 'एकाला दिले की सगळेच मागतील.' दुसरा, 'एडीएचडी म्हणजे शिस्त नाही, दुसरे काही नाही.' दुसऱ्यावर वाद न घालता काम कसे काढायचे?

हिशेबी_ताई:

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे, मागू देत. लेखी सूचना, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी, लुकलुक न करणारी ट्यूब हे सव्वाशे जणांनी मागितले तर नुकसान कसले? जे फुकट किंवा जवळपास फुकट आहे ते सर्वांना द्या. बदली माणूस, वेगळी वेळ, वेगळे यंत्र अशा खर्चाच्या गोष्टी तेवढ्या मागणीनुसार आणि लेखी.

दुसऱ्यावर खरेच वाद घालू नका. एडीएचडीत काय करायचे हे माहीत असते, सुरुवात होत नाही आणि वेळेचा अंदाज चुकतो. काम कसे दिले जाते ते बदला. समजा लेखा विभाग आहे. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ ११ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. हे सगळे डोक्यात किंवा कुणाच्या व्हॉट्सअॅपवर ठेवले की गोंधळ ठरलेला. टेबलासमोरच्या भिंतीवर महिन्याचा मोठा तक्ता लावा आणि प्रत्येक तारखेच्या मागे तीन छोट्या पायऱ्या लिहा: बिले गोळा, जुळवणी, साहेबांची तपासणी. प्रत्येक पायरीला स्वतःची तारीख, आणि तपासणीसाठी दोन कामाचे दिवस. यातली युक्ती अशी की अलीकडची तारीख खरी असायला हवी, म्हणजे त्या दिवशी साहेब खरोखर कागद हातात घेतात. खोटी अलीकडची तारीख सांगून पळवायचा प्रकार दोन महिने चालतो, मग खोटी आहे हे कळते आणि त्यानंतर खऱ्या तारखेवरही विश्वास राहत नाही.

व्हॉट्सअॅपचे वेगळे सांगते, कारण आपल्याकडे निम्मे ऑफिस तिथेच चालते. काम नेमून देण्याचा मार्ग एकच ठेवा, ईमेल किंवा वही, काहीही. ग्रुपवर शुभ सकाळचे फूल, त्याखाली वाढदिवस आणि मधे 'त्या वेंडरचे बघा जरा' असे आले की ते काम हरवते. हरवल्यावर दोष मात्र वाचणाऱ्याचा. काम देताना चार गोष्टी: काय, कुणासाठी, कधीपर्यंत, झाले म्हणजे नेमके काय झाले. 'लगेच', 'जमेल तसे', 'मागीर करूंया' (नंतर करू) या शब्दांना तारीख नसते.

दिवसात सलग ४५ मिनिटांचे दोन तुकडे असे ठेवा की फोन आणि 'एक मिनिट हं' दोन्ही बंद. टेबलावर लाल कार्ड उभे केले की कळते. सुरुवात होत नसेल तर शेजारी बसून दुसऱ्याने आपले काम करत राहणे, एवढ्यानेही गाडी हलते. शिकवायचे नाही, विचारायचे नाही, नुसते बसायचे.

औषधाबद्दल एकच. एडीएचडीवरचे मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समधले (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतले) आहे, दुहेरी चिठ्ठी लागते, प्रत्येक फार्मसीत मिळत नाही. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि फार्मसीसाठी दोन-तीन तास लागले तर कारण न विचारता सोडा. गोळी घेतली का, हा प्रश्न सुपरवायझरने कधीही विचारायचा नाही. रागाच्या भरात तर नाहीच.

हाऊसकीपिंग_कळंगुट:

हॉटेलांत थोडा वेगळा प्रश्न येतो, पण शिफ्टवाल्या कारखान्यालाही लागू आहे. उद्याचा ड्यूटी चार्ट रात्री दहाला टाकण्याची सवय बंद करा. ऑटिझम असलेल्या माणसाला बदलाइतकाच, बदल कधी येईल ते न कळण्याचा त्रास असतो. चार्ट सात दिवस आधी लावा, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ओव्हरटाइमने शिफ्ट उलटसुलट होणार असेल तर पंधरा दिवस आधी सांगा. ऐनवेळी बदललेच तर फोनवर नको, लेखी, आणि काय तसेच राहील तेही सांगा: 'वेळ बदलली, जागा तीच, सुपरवायझर तोच.'

भाषेचाही गोंधळ असतो. सुपरवायझर कोकणीत बोलतो, एसओपी इंग्रजीत, शेजारचा हिंदीत. धावपळीत एका वाक्यात तीन भाषा येतात. ऐकलेले समजून घ्यायला ज्याला दोन सेकंद जास्त लागतात, त्याचा धागा पहिल्या बदलाला तुटतो. सूचना कुठल्या भाषेत हवी ते विचारा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. विचारल्यावर थांबा. गप्प दिसला म्हणून तेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगू नका, नाहीतर त्याला पहिल्यापासून सुरू करावे लागते.

ओटी_फोंडा:

सोबती नेमण्याचा विचार कुणी काढेल, म्हणून आधीच. सोबती चांगला, पण त्याच्या कामातून आठवड्याला निदान तासभर अधिकृतपणे कमी करा आणि तीन-चार महिन्यांनी विचारून बदला. नाहीतर तो मनात चिडतो आणि ते त्या माणसावर निघते. सोबत्याने वरिष्ठांना अहवाल द्यायचा नाही.

मुलाखतींनाही हात घाला. 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न पॅकिंगच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, पॅनेलवर दोघेच ठेवा, आणि गुणांच्या तक्त्यातून 'नजरेला नजर', 'आत्मविश्वास' असे रकाने काढा. त्याऐवजी अर्ध्या तासाचे खरे काम द्या: वीस ब्लिस्टर, त्यातले चार सदोष, शोधून नोंदवा. काम अर्ध्या तासापुढे गेले तर त्याचे पैसे द्या.

सुपरवायझरचे बोलणे असे असू द्या: 'कामात कुठे अडते? काय बदलले तर अडणार नाही? दोन आठवडे करून पाहू, अमुक तारखेला बसू.' 'तुला काय झालंय' नको. त्या तारखेला दोघांनी तीनच गोष्टी पाहायच्या: ठेवायचे, बदलायचे, काढायचे. पुढची तारीख न ठरवता उठू नका. बदल ठरवल्यावर कुणी पाहिलेच नाही तर महिनाभरात जुनी सवय परत येते, आणि माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.

कार्यशाळेचा अर्धा दिवस हातात आहेच. सुपरवायझरांना तासभर हे बोलणे जोडीजोडीने करून पाहायला लावा. भाषणात वेळ घालवू नका. उरलेला वेळ इलेक्ट्रिशियन, क्यूए आणि एचआर यांना घेऊन मजला फिरा आणि जागेवरच यादी करा. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकाचेच नाव.

एचआर_कुंडई:

मजला फिरण्याचे उद्याच मांडतो. एक राहिले: कंत्राटी माणसांचे काय? कंत्राटदार दर वर्षी बदलतो.

कायद्याचे_बोला:

दोन ठिकाणी लिहा. कंत्राटदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये एक कलम घाला की कारखान्याने मान्य केलेला बदल त्याच्या माणसालाही मिळेल आणि त्यापायी मजुरी कापली जाणार नाही. आणि शक्य तेवढे बदल माणसाच्या नावावर न ठेवता स्टेशनच्या नावावर ठेवा. कार्य-कार्ड, दिवा, गाऊनची मापे, बोळ्यांची पेटी हे स्टेशनच्या यादीत गेले की कंत्राटदार बदलला तरी जागेवर राहते. व्यक्तीशी बांधलेली शिफ्टची वेळ, सोबती यांसाठी त्या माणसाकडेच सही केलेली एक प्रत द्या, निदानाचा उल्लेख न करता. नवीन कंत्राटदार आला की पहिल्या दिवशी त्याने तो कागद दाखवायचा, पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगत बसायचे नाही.